नववीनंतरची पंचवीस वर्षे

माध्यमिक शाळा अर्ध्यावर सोडल्याचा तोटा ज्या वर्षी शाळा सुटते त्या वर्षी दिसत नाही. उलट त्या वर्षी घरात चार पैसे जास्त येतात. शेलू, नेरळ, वांगणी या पट्ट्यात नववीतून बाहेर पडलेला मुलगा गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून उभा राहतो, तेव्हा त्याच्या वर्गातली मुले अजून घरी वहीसाठी पैसे मागत असतात. दोन वर्षांत त्याच्या हाती मोबाइल येतो, पाच वर्षांत हप्त्यावरची मोटारसायकल. बारावी झालेला त्याचा सोबती तेव्हा कुठे नोकरीचे अर्ज भरू लागलेला असतो. वाडीतल्या कुणालाही विचारले तर हिशेब शाळा सोडणाऱ्याच्या बाजूनेच लागलेला दिसतो. हा हिशेब फिरतो तिशीनंतर, आणि एकदा फिरला की सहसा सरळ होत नाही.

कल्याणहून कर्जतकडे जाताना वांगणी मागे पडली की ठाणे जिल्हा संपतो आणि शेलूला रायगड जिल्हा सुरू होतो. कर्जत तालुक्यातले हे छोटे स्थानक. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उल्हास नदीचे खोरे, आणि मधोमध मुंबईला जाणारी लोकल. मजुरीसाठी ही जागा सोयीची आहे. वर बदलापूर-अंबरनाथची औद्योगिक वसाहत, खाली कर्जतवरून खोपोलीचे कारखाने, आसपास वीटभट्ट्या, फार्महाऊस आणि गेल्या वीसेक वर्षांत उभे राहिलेले इमारतींचे प्रकल्प. हाताला काम मिळणार नाही असा दिवस इथे सहसा येत नाही. काम इतके जवळ आणि इतके रोख आहे, म्हणूनच शाळा लवकर सुटते. जिथे कामच नाही तिथली मुले निदान घरी बसण्यापेक्षा वर्गात बसतात.

शाळा सुटण्याची वेळ ठरलेली असते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. पुढची कित्येक वर्षे आठवीपर्यंत नापास करण्याला बंदी होती. महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षेची अट घातली ती २०२३ मध्ये. या मधल्या काळात वाचन कच्चे राहिलेले मूलही आठवी ओलांडत असे आणि नववीत पहिल्यांदा खऱ्या परीक्षेसमोर येत असे. कायद्याची सक्ती संपते तीही इथेच. देशभराचे आकडे हेच सांगतात. शासनाच्या ‘यूडायस प्लस’ नोंदींनुसार २०२१-२२ मध्ये प्राथमिक स्तरावर गळती १.५ टक्के, उच्च प्राथमिक स्तरावर ३ टक्के आणि माध्यमिक स्तरावर एकदम १२.६ टक्के होती. त्यात काही शाळा आपला दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच गाळतात. हा उद्योग उघड बोलला जात नाही, पण शिक्षकांना तो ठाऊक आहे, आणि त्याची किंमत त्या मुलाने आयुष्यभर मोजायची असते.

कातकरी आणि ठाकूर वाड्यांमध्ये याला आणखी एक कारण आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक; कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. भातकापणी आणि दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. भट्टीवर काम मिळते ते जोडप्याला. भट्टीमालकाकडून पावसाळ्यातच ‘अंगावर’ घेतलेले पैसे नवराबायकोने मिळून फेडायचे असतात. त्यामुळे मागे घरी राहून मुलांना जेवू घालणारे कुणी उरत नाही. लहान मुले आईबापांसोबत जातात, मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळते, चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा चिखल तुडवतो, विटा उचलतो. दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चच्या सुमारास, म्हणजे भट्टीच्या हंगामाच्या ऐन मध्यावर. शाळेचे वेळापत्रक आणि पोटाचे वेळापत्रक यांत दरवर्षी टक्कर होते, आणि दरवर्षी कोण हरते हे सांगायला नको.

ही अडचण नवी नाही, आणि तिच्यावर उपाय शोधणारेही याच भागात होऊन गेले. माथेरानला १९१२ मध्ये जन्मलेले भाई कोतवाल वकील होऊन गावी परतले. कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्या-आदिवासींसाठी त्यांनी गावोगाव स्वयंसेवी शाळा काढल्या आणि त्याच वेळी सावकारी पाशातून सोडवण्यासाठी धान्यकोठीही चालवली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. नेरळ-माथेरान परिसर त्यांना क्रांतिकारक म्हणून ओळखतो, पण त्यांनी शाळांच्या कामात धरलेले सूत्र आज जास्त उपयोगाचे आहे: घरात धान्य नसेल तर शाळा टिकत नाही, म्हणून दोन्ही एकत्र हाती घ्यायचे. पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात शाळा नेली. ठाणे जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने वीटभट्टीवर ‘भोंगा शाळा’ चालवल्या. भट्टीवरच्या मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. या सर्व प्रयोगांनी लहान मुलांना धरून ठेवले. माध्यमिकच्या मुलांसाठी मात्र असे काही उभे राहिले नाही. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा म्हणजे कमावता हात, असे घरानेही धरले आणि व्यवस्थेनेही.

अंतराचे कारणही मोठे आहे. चौथी किंवा सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा वाडीच्या जवळ असते, हायस्कूल मोठ्या गावात. डोंगरपायथ्याच्या वाडीतून स्थानकापर्यंत पायपीट, तिथून लोकल, उतरल्यावर पुन्हा चाल. रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास शाळकरी मुलग्यांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत मोफत मिळू शकतो, आणि एसटीचा पास मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. म्हणजे गाडीभाडे ही मुख्य अडचण नाही. अडचण वाडीपासून रस्त्यापर्यंतच्या अंतराची आहे, आणि पावसाळ्यात ओढ्यांना पाणी आले की त्या अंतराला उपाय नसतो. मुलगी वयात आली की याच अंतराला घरचे धोका म्हणू लागतात. मग आश्रमशाळा उरते. पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीत ती चालते. तिथे राहणे-जेवण मिळते, पण सणाला घरी आलेले मूल परत पाठवण्याइतका आग्रह घरात कुणीतरी धरावा लागतो, आणि तो धरणारे आईबाप त्या वेळी भट्टीवर असतात.

आगरी आणि कुणबी घरांत कारण वेगळे. तिथे उपासमार नव्हती, उलट अचानक पैसा आला. जमिनींना भाव आल्यावर अनेकांनी शेते विकली. ‘शिकून तरी काय करायचे, आपल्याकडे आहे ना’ या एका वाक्यावर नववी-दहावीतली मुले शाळेबाहेर पडली. बंगला झाला, गाडी आली, एखादी वीट-रेती पुरवण्याची एजन्सी निघाली. ज्यांनी पैसा धंद्यात धरून ठेवला ते तरले. बाकीच्यांपैकी काहीजण आज विकलेल्याच जमिनीवरच्या संकुलाच्या फाटकावर सुरक्षारक्षक आहेत. शिक्षण नसण्याचा हा परिणाम गरिबीतून आलेल्या परिणामापेक्षा जास्त बोचणारा आहे, कारण तो टाळता येण्यासारखा होता.

कामाच्या वाटचालीत पहिली दहा वर्षे बरी जातात. बिगारी गवंडी होतो, क्लीनर ड्रायव्हर होतो, हॉटेलात भांडी घासणारा स्वयंपाकघरात शिरतो. ही कौशल्ये खरी आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. सेंट्रिंगचे लाकूड बरोबर लावणारा किंवा ओळंबा धरून भिंत सरळ उचलणारा माणूस ज्ञानीच असतो. पण त्या ज्ञानाला कागद नसतो, आणि कागद नसलेल्या ज्ञानाचा दर दुसरा माणूस ठरवतो. कारखान्यात हे अधिक स्पष्ट दिसते. दहावी नसलेला कामगार कंत्राटदारामार्फत हेल्पर म्हणून लागतो. यंत्र चालवायला तो वर्ष-दोन वर्षांत शिकतो, प्रत्यक्षात चालवतोही. पण पगारपत्रकात तो अकुशलच राहतो, कारण ऑपरेटरच्या जागेला आयटीआय लागते आणि आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी. वायरमनसारख्या मोजक्या ट्रेडना आठवी चालते, हे मात्र आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलांना कुणी सांगितलेले नसते.

दरवाजे कोणते बंद होतात याची यादी गावात कुणी लावत नाही, प्रत्येकाला आपापला दरवाजा आपटल्यावर कळतो. रेल्वेच्या सर्वांत खालच्या स्तरातली, रुळांवरच्या कामाची नोकरी दहावी किंवा आयटीआयवर आहे. रोज रुळांशेजारून चालणाऱ्या शेलूच्या मुलांना ती त्यामुळेच मिळत नाही. ग्रामीण डाकसेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते. पोलीस भरतीला बारावी लागते. आखातात गवंडी किंवा ड्रायव्हर म्हणून जायचे तर दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर सर्वसाधारणपणे परदेशगमन तपासणीचा शिक्का असतो आणि ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना वेगळी परवानगी काढावी लागते. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायचे तरी सातवी लागते. एक दरवाजा मात्र उघडला. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी असलेली आठवी उत्तीर्णची अट २०१९ मध्ये केंद्र सरकारने काढली, आणि टेम्पो, मिनीडोर, रिक्षा चालवणाऱ्या पुष्कळांची लपवाछपवी संपली. अट घातली की शिक्षण वाढतेच असे नाही, हेही या उदाहरणावरून दिसते. ती अट असताना माणसे शाळेत गेली नाहीत, बिनपरवाना गाडी चालवत राहिली.

इथे नववी आणि दहावी यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. गावात ‘दहावी नापास’ हा हिणवण्याचा शब्द आहे. वस्तुतः दहावीला बसून नापास झालेल्याच्या हाती बोर्डाची गुणपत्रिका असते, उत्तीर्ण झालेल्या विषयांतून सूट मिळते आणि राहिलेले विषय पुढच्या परीक्षांत सोडवता येतात. २०१५ पासून त्याच वर्षी, साधारण जुलैच्या सुमारास, पुरवणी परीक्षा होते. एक-दोन विषय राहिले तर ‘एटीकेटी’वर अकरावीलाही प्रवेश मिळतो. नववीत शाळा सोडलेल्याच्या हाती यांतले काहीही नसते. परीक्षेच्या भीतीने मार्चआधी पळालेला मुलगा नापास होण्यापासून स्वतःला वाचवतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात नापास झाला असता तर तो अधिक पुढे असता. करोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली, तेव्हा अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. पटावर नाव टिकवून ठेवलेली जवळपास सगळी मुले त्या वर्षी उत्तीर्ण झाली. मोबाइल नाही म्हणून किंवा भट्टीवर गेल्यामुळे आधीच बाहेर पडलेली मुले या एकमेव संधीलाही मुकली.

कागदपत्रांचा त्रास सर्वांत उशिरा सुरू होतो आणि सर्वांत लांब चालतो. शाळा सोडणारा मुलगा ‘शाळा सोडल्याचा दाखला’ न्यायला परत जात नाही. त्याने शाळा रीतसर सोडलेलीच नसते, तो यायचा बंद झालेला असतो. पंधरा-वीस वर्षांनी भविष्यनिर्वाह निधी काढायची वेळ येते. आधारवर एक जन्मतारीख, कंपनीच्या नोंदीत दुसरी, आणि शाळेत तिसरी, बहुधा १ जून, कारण गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी ज्यांना तारीख ठाऊक नव्हती त्यांना ती लावली होती. दुरुस्तीसाठी शाळेचा दाखला मागितला जातो. नावही जुळत नाही. शाळेत बाळू, आधारवर बाळकृष्ण. स्वतःच्याच घामाचे पैसे मिळवण्यासाठी माणूस कर्जतला खेपा घालतो, आणि प्रत्येक खेपेला त्या दिवसाची मजुरी बुडते.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न याहून गंभीर. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे लागतात, आणि जात नोंदवलेला आजोबांचा किंवा वडिलांचा शाळेचा दाखला हा त्यांतला महत्त्वाचा दुवा असतो. कातकरी घरात आजोबा शाळेत गेलेच नाहीत, वडील गेले पण दाखला घेतला नाही. मुलगा किंवा मुलगी जिद्दीने बारावीला पोहोचते, शिष्यवृत्ती आणि राखीव जागा समोर असते, आणि प्रांत कार्यालयात वडिलांचा दाखला मागितला जातो. वडिलांनी शाळा सोडल्याचा फटका असा मुलांना बसतो. वनहक्क कायद्याखाली वनजमिनीतल्या दळी शेतीचे दावे करतानाही हेच घडते. अर्ज, ग्रामसभेचा ठराव, पंचनामा, जुन्या पावत्या हे सगळे वाचून लावणारा माणूस वाडीत नसेल तर दावा दुसऱ्याच्या भरवशावर राहतो. सातवी-आठवीत सुटलेले वाचन वापराअभावी पुसत जाते. तिशीतल्या माणसाला मोबाइलवरचा निरोप कळतो, पण सातबाऱ्यावरची फेरफार नोंद कळत नाही, आणि करारावर सही करताना तो वाचल्याचा आव आणतो. ही लाज माणसे कुणाला सांगत नाहीत.

चाळिशीत शरीर बोलू लागते. विटा, सिमेंटची पोती, माथेरानच्या चढावर ओढलेल्या हातरिक्षा आणि डोक्यावर नेलेले सामान, या सगळ्याचा हिशेब गुडघ्यांत आणि पाठीत उतरतो. शिकलेला सोबती याच वयात सुपरवायझर होतो, म्हणजे त्याचे काम हलके आणि पगार जास्त होत जातो. अंगमेहनत विकणाऱ्याचे नेमके उलटे होते. काम तेवढेच जड राहते आणि मजुरी घटते. माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. तो उशिरा आलेला न्याय आहे. पण ज्याला दुसरे काम शिकायचे असेल त्याला पुन्हा फॉर्म, परवाना, बँक या कागदांतूनच जावे लागते. बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी केली तर मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते. पण त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला जोडावा लागतो. ज्यांना या मदतीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्यापर्यंत ती एजंटाचे पैसे दिल्याशिवाय पोहोचत नाही.

मुलींच्या बाबतीत वेळापत्रक आणखी आखूड असते. शाळा सुटली की दोन-तीन वर्षांत लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झालेले आढळले. मुलगी पटावर असेपर्यंत लग्नाला एक आडकाठी असते. ‘अजून शिकतेय’ हे उत्तर पाहुण्यांना देता येते. ते उत्तर संपले की दुसरे उत्तर मुलीकडे नसते. पुढे तिशीत घर चालवायची वेळ आल्यावर गावातच मिळणाऱ्या कामांचे दारही लागलेले असते. अंगणवाडी मदतनिसाला पूर्वी सातवी पुरत असे. २०२३ पासून सेविका आणि मदतनीस दोघींनाही बारावी हवी. आशा स्वयंसेविका होण्यासाठी आदिवासी भागात आठवीची अट आहे. बचतगटात पैसे भरणाऱ्या बाया वीस असतात, पण इतिवृत्त लिहिणारी एकच, आणि बँकेत शब्द चालतो तो तिचाच. बाकीच्या पहाटेच्या लोकलने बदलापूरला धुणीभांडी करायला जातात. आईचे शिक्षण दहा वर्षांहून जास्त असेल तर मुलांचे कुपोषण कमी असते, हे याच पाहण्यांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: शाळा सोडणारी मुले मुळातच कच्ची असतात, शाळेत थांबली असती तरी फारसे काही बदलले नसते. या आक्षेपाची तपासणी अमेरिकेत झाली आहे. जोशुआ अँग्रिस्ट आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये, केवळ सक्तीच्या कायद्यामुळे आणि जन्ममहिन्याच्या योगायोगाने काहीसे जास्त दिवस शाळेत राहावे लागलेल्या माणसांची कमाई तपासली. नाइलाजाने थांबलेल्यांचीही कमाई पुढे जास्त निघाली. म्हणजे फायदा हुशारीचा नव्हता, थांबण्याचा होता. शेलूसारख्या ठिकाणी हे जास्तच लागू आहे, कारण इथे दहावीचा उपयोग ज्ञानाइतकाच पुढच्या रांगेत उभे राहण्याच्या परवानगीसाठी आहे.

परतीची वाट आहे आणि ती वाटते तितकी अवघड नाही. राज्य मंडळाचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षाही आहे. सतरा नंबरच्या अर्जाची मुदत साधारण पावसाळ्यात सुरू होते, म्हणजे भट्टीवरची कुटुंबे घरी असतात त्याच काळात. कागद थोडे लागतात: शाळा सोडल्याचा दाखला, तो हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र, आधार आणि फोटो. अडते ते मार्चमध्ये, परीक्षेच्या दिवसांत भट्टीवरून सुटी मिळवताना. तिथे मुकादमाशी बोलणारे कुणी हवे असते. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, संस्थेचा कार्यकर्ता, कुणीही. शासनाने दहावीची परीक्षा देणाऱ्या भट्टीवरच्या मुलांसाठी फेब्रुवारी-मार्चपुरते वसतिगृह परीक्षा केंद्राजवळ उघडले, तर या पट्ट्यातली बरीच गळती तिथेच थांबेल. त्याला नवा कायदा लागत नाही, रिकाम्या खोल्या आणि दोन वेळचे जेवण लागते.

ज्यांची शाळा सुटून वर्षे झाली आहेत त्यांनी निदान एक काम या पावसाळ्यात करावे: आपल्या जुन्या शाळेत जाऊन शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्यावा, त्यावरचे नाव, जात आणि जन्मतारीख वाचून पाहावी, वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावी. शाळेने तो द्यायचाच असतो. आणि घरात नववीतला मुलगा किंवा मुलगी असेल, तर निकालाची चिंता न करता त्याला किंवा तिला पुढच्या वर्गात दहावीच्या परीक्षेच्या बाकावर बसवावे.